स्वस्त गाडी, महाग कागद

ताईने धुणीभांडी करून शिकवलेला माझा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. एके रात्री त्याचा फोन आला, "मामा, जपानहून जुनी सुझुकी अल्टो मागवतोय. आपल्या मारुती ८००च्या कुळातली! किंमत अगदी थोडी."

मी कारकून माणूस. गाडीतले मला कळत नाही, पण कागदातले कळते. म्हणालो, "पैसे पाठवू नकोस. आधी नियम वाचून दाखव."

त्याने वाचला. तिथल्या सुरक्षा नियमांतून सूट मिळते ती गाडीला २५ वर्षे पूर्ण झाल्यावरच. तीही मोजायची गाडी तयार झाली त्या महिन्यापासून, मॉडेलच्या वर्षावरून नव्हे. त्याच्या गाडीला चार महिने कमी होते! बंदरात अडकली असती, तर सारी बचत बुडाली असती. शिवाय ६६० सी.सी.च्या या छोट्या गाड्यांची नोंदणी काही राज्यांत अडवली जाते.

भाचा थांबला. चार महिन्यांनी, आपल्या राज्याच्या नोंदणी कार्यालयाचे लेखी उत्तर हाती आल्यावरच त्याने पैसे भरले.

बंधूभगिनींनो, आपला पैसा घामाचा असतो. वस्तूची किंमत विचारण्याआधी तिचा कायदा विचारावा.