शून्याखालचें पाणी

भरलेलें उजनीचें धरण पाहणारे पुष्कळ. आम्हांस तें रितें होतांना पाहण्याचा योग 2024 सालच्या मे महिन्यांत आला. आदल्या वर्षीं पावसानें भीमेच्या खोऱ्याकडे पाठ फिरविली होती. आमच्या आत्याबाईंचें सासर जुन्या पळसदेवचें. धरण 1980 सालीं पुरें झालें व तें गांव जलाशयांत गेलें. पाणी फार उतरलें कीं पळसनाथाचें देऊळ वर येतें. म्हणून आत्याबाई वर्तमानपत्रांतील धरणाचा आंकडा रोज चष्मा पुसून वाचीत.

तो आंकडा उणे पन्नासाच्याहि खालीं गेला होता. शून्याखालीं पाणी कसें, हा आमच्या चिरंजीवांचा प्रश्न वाटेंत सोडवावा लागला. उजनींत एकंदर सुमारें 117 अब्ज घनफूट पाणी मावतें. त्यांपैकीं तळच्या 63 अब्जांना 'मृत सांठा' म्हणतात. टक्केवारी मोजावयाची ती वरच्या 54 अब्जांवर. पातळी 491.03 मीटरांवर आली कीं शून्य. उणे पन्नास म्हणजे मृत सांठ्यांतलेहि 27 अब्ज सरले! आणि मौज ही, कीं सोलापूरकरांच्या पिण्यासाठीं त्या वर्षीं भीमेंत सोडलें तें हेंच 'मृत' पाणी.

येणाऱ्या पाण्याची मोजदाद वर दौंडास होते, ती क्युसेकांत. म्हणजे दर सेकंदास किती घनफूट. 11,574 क्युसेकांचा प्रवाह अखंड चोवीस तास वाहील तेव्हां कोठें एक अब्ज घनफुटांची भर पडते. मे महिन्यांत तो कोठून यावा?

सुकलेल्या गाळावरून आम्ही देवळापाशीं पोंचलों. दर्शन होतांच आत्याबाई पावलें मोजीत निघाल्या व एका चौथऱ्याच्या चार दगडांशीं थांबल्या. "येथें तुळस होती," एवढेंच म्हणाल्या. मला कांहीं बोलवेना.

परततांना कांठाशीं एक शेतकरी पंपाच्या नळाला नवा तुकडा जोडीत होता. पाणी मागें हटे तसा त्याचा नळ लांबे. आम्ही देवळाकडून आलों हें पाहून तो आत्याबाईंना म्हणाला, "आजी, तुमचा देव वर आला कीं आमचा ऊंस जातो. त्याला लवकर बुडूं द्या."

"तेंच मागून आलें, बाबा," आत्याबाई म्हणाल्या.

ऑगस्टांत धरण शंभर टक्क्यांवर गेलें. आत्याबाईंनीं तो आंकडा दोनदां वाचला, आणि चष्मा घरांत ठेवून दिला.