मुरूडच्या किनाऱ्यावरचे चाचा
जंजिरा पाहून आम्ही मुरूडच्या किनाऱ्यावर आलो. पावसाळाभर झाकून ठेवलेली जुनी जेट-स्की काही केल्या सुरू होत नव्हती. चालक चाचांनी सुरक्षा-दोरीची क्लिप तपासली. ती नीट बसली नाही तर इंजिन सुरूच होत नाही. मग बॅटरीच्या टोकांवरचा गंज घासला, ओले स्पार्क प्लग पुसले, शिळे पेट्रोल बदलले. सीट बराच वेळ उघडी ठेवली. आत कोंडलेली पेट्रोलची वाफ ठिणगीने भडकते. इंजिनाला गारवा बाहेरच्या पाण्याचाच, म्हणून बटण दाबले ते समुद्रात नेऊन. बिस्मिल्लाह म्हणताच धडधड सुरू झाली. मुले धावली. चाचांनी हात आडवा केला, "आधी लाइफ जॅकेट. जीव अल्लाहची अमानत आहे, बेटा."