गरम घाट, गार गॅरेज

फ्युएल पंपाची सगळ्यात वाईट खोड ही, की तो मेकॅनिकसमोर आजारी पडत नाही. खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलं की गाडी झटके मारते, पाय दाबला तरी ओढत नाही, आणि खंडाळा जवळ आलं की मरते. टोइंगवाला येईस्तोवर वेळ जातो, तेवढ्यात पंप गार होतो. माझ्या दारात उतरवली की पहिल्या सेल्फला गाडी सुरू! मालकाचा चेहरा तेव्हा बघावा. बंद पडल्याचं दुःख कमी, सुरू झाल्याचा संताप जास्त. "मिस्त्री, आईशप्पथ, आत्ता बंद होती हो." मी म्हणतो, असणारच. त्याच्यावर विश्वास ठेवला नाही तर पुढचं काम सुरूच होत नाही.

मावळात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गॅरेज असल्यामुळे घाटात हरलेल्या गाड्या आमच्याकडेच येतात. घाटाचं आणि पेट्रोलचं वैर जुनं आहे. पद्मिनी-फियाटच्या काळात पंप इंजिनच्या अंगालाच असायचा, त्याला सगळे एसी पंप म्हणत. आत रबरी डायफ्राम; इंजिनच्या कॅमने लिव्हर हलायचा आणि पंप टाकीतलं पेट्रोल ओढायचा. ओढताना पाइपातला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं. त्यात एप्रिलचं ऊन आणि दुसऱ्या गिअरमध्ये तापलेलं इंजिन. पाइपात वाफ भरली की पंप नुसताच चावत बसायचा, कार्बुरेटरपर्यंत थेंब पोचत नसे. मग घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी बाजूला, बॉनेट वर, पंपावर ओला फडका. देवाला नाणं टाकून मालक चहा पिऊन येई, तोवर गाडी तयार. पंपात बिघाड काहीच नसे. डिकीत डायफ्रामचं किट घेऊन फिरणारे लोक होते, आणि ते बदलता येणारेही.

२००० च्या आसपास कार्बुरेटर गेले, इंजेक्शन आलं आणि पंप विजेवर चालणारा होऊन टाकीच्या पोटात गेला. तो पेट्रोल ओढत नाही, ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही, म्हणून पाइपात वाफ अडकण्याचा तो प्रकार, म्हणजे व्हेपर लॉक, जवळपास संपला. मात्र पंप दिसेनासा झाला, आणि माझ्या मते मालकाची चिडचिड तिथून सुरू झाली. दिसत नाही त्या वस्तूचं बिल द्यायला माणूस नाखूश असतो. त्यात कुणी धड सांगत नाही, की ती वस्तू मेली कशाने.

आता टाकीतल्या पंपाला गार ठेवायला पेट्रोलच लागतं. मोटर त्यात बुडालेली, शिवाय आतून वाहणारं पेट्रोल तिची उष्णता घेऊन जातं. काटा लालवर आला की तिचं हे अंथरूण जातं. शनिवारी मुंबईहून निघायचं, 'लोणावळ्यात भरू' म्हणायचं आणि भुशी डॅमच्या रस्त्यावर एसी लावून गर्दीत अडकायचं; चढावर उरलेलं पेट्रोल टाकीच्या एका कडेला जातं ते वेगळंच. एका दिवसात पंप जळत नाही. पण ब्रश आणि बेअरिंग आधीच झिजलेली असतील, तर तापल्यावर मोटर मंदावते, दाब उतरतो आणि गार झाली की पुन्हा शहाण्यासारखी चालते.

म्हणून अशी गाडी मी उभ्या-उभ्या तपासत नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखाली दोनेक सेकंद घूं आवाज येतो का, हे ऐकतो. पण आवाज आला म्हणजे दाब आला असं नाही. लाइनमध्ये गेज लावतो, त्याचा पाइप नीट बांधून डायल काचेवर वायपरखाली अडकवतो आणि मालकाला शेजारी बसवून घाटात जातो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत काटा तीन बारच्या आसपास हवा. चढावर तो खाली सरकताना मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, की बिलावरून वाद होत नाही. परत आल्यावर पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्ट बघायचे. बॅटरीवर बारा आणि पंपाजवळ दहा असतील तर पंप निर्दोष असू शकतो. रिले, गंजलेली अर्थ किंवा काळं पडलेलं कनेक्टर मधले दोन व्होल्ट खातंय. हे न बघता पंप बदलला तर नवा पंपही उपाशीच राहतो आणि गाडी पुन्हा तशीच मरते. दोन ठिकाणी दोन पंप बदलून तिसऱ्यांदा माझ्याकडे आलेली माणसं खुर्चीतसुद्धा बसत नाहीत, उभ्यानेच बोलतात.

आमच्याकडचा दुसरा शत्रू पाणी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल पाणी धरतं. थोडं असेल तर पचवतंही. पाणी फार झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात, नेमके पंपाची जाळी असते तिथे. बंगल्यावर ठेवलेल्या गाड्यांत हे हमखास. मालक दिवाळीला येतात, मधला अख्खा पावसाळा गाडी अर्ध्या टाकीवर उभी. पत्र्याची जुनी टाकी असेल तर आतून गंज धरतो आणि जाळी तांबडी होते. अशा वेळी टाकी न उतरवता नवा पंप टाकणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे तळाच्या चिखलात टाकणं. टाकी उतरवायची मजुरी सांगितली की मात्र लोक दचकतात.

पैशाचा विषय निघाला म्हणून सांगतो. बहुतेक सर्व्हिस सेंटरात पंप सुटा देत नाहीत. मोटर, जाळी, फ्लोट, रेग्युलेटर असं अख्खं मॉड्यूल घ्यावं लागतं. पुण्याला नाना पेठेत नुसती मोटर मिळते, फार स्वस्तात. ती बसवायची की नाही? नावाजलेली असेल तर मी बसवतो, तसं बिलावर लिहितो. डब्यावर फक्त गाडीचं नाव आणि बनवणाऱ्याचा पत्ता नाही, अशी हातात घेत नाही.

आणि कधीकधी दोष खरोखर पंपाचाच असतो, जन्मापासूनचा. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्यांचे पंप बदलायचं जाहीर केलं. आतली इम्पेलरची चकती सदोष असू शकते, गाडी चालता चालता बंद पडू शकते, असं कंपनीनेच सांगितलं. त्याशिवाय अशाही काही गाड्या होत्या, ज्यांना तो पंप नंतर सुटा भाग म्हणून बसवलेला होता. म्हणजे एकदा पैसे मोजून बदललेला पंपच पुन्हा बदलायचा! बदली फुकट, पण कंपनी कळवते ते तिच्याकडे नोंद असलेल्या मालकाला. पवन मावळातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या. फोन जायचा तो अंधेरीच्या किंवा कोथरूडच्या जुन्या मालकाला. त्यामुळे पंपाची तक्रार घेऊन कुणी आलं की पाना उचलायच्या आधी मी आरसी बुक मागतो आणि चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघतो. नंबर यादीत निघाला, तर गाडीला हात न लावता पाठवून देतो. "मग तुमचं काय मिस्त्री?" असं विचारणारे थोडेच, पण विचारतात. चहा सांगा म्हणतो.