गाडीची साक्ष

सूरह हुजुरातमध्ये दोन आज्ञा जवळजवळ येतात. सहावी आयत सांगते, भरवशाचा नसलेला माणूस बातमी घेऊन आला तर आधी शहानिशा करा. बारावी सांगते, कुणाची टेहळणी करू नका. पहिली पाळायची तर समोरचा कोण ते कळायला हवं; दुसरी पाळायची तर फार कळता कामा नये. ही ओढाताण मला अलीकडे अनपेक्षित जागी भेटली, एकमेकींशी बोलणाऱ्या मोटारींमध्ये.

अमेरिकेत आखलेल्या व्यवस्थेत गाडी सेकंदाला दहा वेळा रेडिओवरून सांगते: मी इथे आहे, वेग इतका, दिशा ही, ब्रेक दाबलाय. धुक्यात ही साक्ष जीव वाचवू शकते; खोटी असेल तर जीव घेऊही शकते. म्हणून प्रत्येक निरोपावर डिजिटल सही आणि प्रमाणपत्र. पण प्रमाणपत्र कायम एकच ठेवलं, तर रस्त्याकडेला रिसीव्हर लावून बसलेला कुणीही तुम्ही कुठल्या दवाखान्यात, कुठल्या मशिदीत जाता ते टिपेल. म्हणून गाडीला दर आठवड्याला वीस टोपणनावी प्रमाणपत्रं मिळतात. ती आलटूनपालटून वापरायची.

मग खोटं बोलणारी गाडी सापडली तर? तीन वर्षांची प्रमाणपत्रं आधीच दिलेली असतील, तर तीन हजारांहून जास्त रद्द करावी लागतील. एवढी लांब यादी गाडीगाडीला पोचवणं अवघड. त्याऐवजी यादीत त्या गाडीची दोनच गुप्त बीजं जाहीर होतात. त्यांवरून बाकीच्या गाड्या तिची पुढची सगळी प्रमाणपत्रं हिशेबाने ओळखतात. बीजं दोन वेगळ्या संस्थांकडून येतात. एकटीच्या हाती काही लागत नाही. आणि हिशेब पुढेच चालतो, मागे नाही. रद्द होण्याआधीच्या आठवड्यांतला प्रवास झाकलेलाच राहतो.

युरोपने वेगळी वाट धरली. तिथे टोपणनावी प्रमाणपत्रांची रद्दयादीच नाही. चुकार गाडीला नवी प्रमाणपत्रं देणं बंद करायचं. जुनी मुदत संपली की आपोआप बाद. यात यादीचा भार वाचतो, पण मुदत संपेपर्यंत खोटी साक्ष चालूच राहते.

मला मुहद्दिस आठवले. इमाम बुखारींनी कमकुवत रावींवर स्वतंत्र किताब लिहिली. पण म्हातारपणी ज्यांची याददाश्त ढासळली, अशा भरवशाच्या रावींचं त्याआधीचं कथन मुहद्दिस घेत, नंतरचं बाजूला ठेवत. कारण वेगळं, पण रेघ इथेही ठरावीक वेळेपासून ओढलेली. माणूस सगळाच्या सगळा बाद नाही.

आपल्याकडे याद्या कशा चालतात ते आपण पाहतोच. संशयितांत नाव आलं की आधीची वीस वर्षं उकरतात, नातेवाइकांसकट. निर्दोष सुटल्यावरही भाड्याने घर न मिळालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. यादी नकोच, असं मी म्हणणार नाही. खोट्या साक्षीने माणसं मरतात. पण यादीत कोण टाकतं, एकाच्याच हाती सगळं आहे का, आणि तिची नजर मागे किती जाते, हे तीन प्रश्न गाड्यांसाठी विचारले गेले. माणसांसाठी ते विचारणं आपला हक्क आहे.