चौथी मुलगी

मास्तराला डोकी मोजायची खोड असते. आम्हालाही आहे. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक. संचमान्यतेत पट घसरला की मास्तर 'अतिरिक्त' ठरतो. त्यामुळे आकड्यांची धास्ती आमच्या अंगवळणी पडलेली.

आम्ही राहतो महागावात, शिकवतो तालुक्यातल्या एका खेड्यातल्या उर्दू शाळेत. बी.एड.च्या दिवसांत वाल्टर ख्रिस्टालर वाचला होता. या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ साली मांडले की प्रत्येक सोयीला टिकायला किमान गिऱ्हाईक लागते, आणि ते केवळ गावातले नसते, भोवतालच्या खेड्यांतून येणारेही असते. किराण्याला थोडी माणसे पुरतात, सराफाला जास्त. परीक्षेपुरते पाठ केले होते. महागावचा बाजार पाहताना ते कळले. एरवी निवांत असणारा रस्ता त्या दिवशी पाय ठेवू देत नाही. कुणी तहसिलीत सातबाऱ्यासाठी आलेला, कुणी बियाण्यासाठी. पण जनगणनेत ही माणसे महागावची नाहीत. २०१४ साली शासनाने तालुक्याच्या गावांना नगरपंचायती द्यायचे ठरवले, तेव्हा तरी निव्वळ डोक्यांपेक्षा गावाचे काम पाहिले गेले, असे आम्हाला वाटते.

आमच्या शाळेत वर्ग आठवीपर्यंतच. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदाही तिथपर्यंतच बोट धरतो. नववीला महागाव नाहीतर पुसद. यंदा आठवी झालेली एक मुलगी हुशार आहे. तिच्या अब्बांना आम्ही समजावले की अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो. ते म्हणाले, "पैशे का सवाल नहीं, सर. अकेली को नहीं भेजता. चार होते तो बोलो."

म्हणजे ख्रिस्टालर त्यांच्याही ओट्यावर बसलेला! रागावणार कसे? आमची लेक असती तर आम्ही एकटीला पाठवले असते का, हे छातीठोक सांगता येत नाही.

मग आम्ही आणि मॅडम घरोघर फिरलो. दोन घरांत चहा झाला, होकार मिळाला. तिसऱ्या घरी निकाहाची तारीख ठरवायचे चालले होते. मुलीचे वय सांगून, कायद्याची आठवण देऊन आम्ही उठलो. त्या रात्री जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेच्या फाटकाशीच उभी. "सर, और कित्ती लडकियाँ कम पडतीं?"

"एक."

राहिलेल्या एकीचे वडील बाजारच्या दिवशी महागावात लसूण-मिरची मांडून बसतात. गावात भेटले की कामाची घाई सांगतात. तिथे उठून जाता येणार नाही. पिशवी घेऊन निघालो आहोत.