रामलिंगाच्या रानात दोन दिवस

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांस काश्मीर, निदान महाबळेश्वर तरी अपेक्षित असते. धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रानाची हकीकत वाचावयास कोण उत्सुक असणार, ही शंका आम्हांसही आहे. तथापि गेल्या भाद्रपदातील एका शनिवार-रविवारी आम्ही तेथे गेलो ते हौसेने नव्हे, तर एका कामगिरीवर. आणि ती कामगिरी कशी फसली हे सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

आमची पुतणी पुण्यास वनस्पतिशास्त्र शिकते. पदवी पदरात पडताच तिने एखादी स्थिर नोकरी धरावी, ही आमच्या धाकट्या बंधूंची इच्छा. तिच्या मनात मात्र रानाचाच अभ्यास पुढे चालवावयाचा. मागील पावसाळ्यात ती विद्यार्थ्यांच्या शिबिरास आंबोलीला जाऊन आली होती. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणारे ते सदाहरित अरण्य, तेथील जळवा, हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेला आणि २०२० साली शास्त्रात प्रथम नोंदला गेलेला इवलासा मासा, यांच्या कथांनी तिने सारे घर भारून टाकले. आता तुलनेसाठी तिला कोरडे रान पाहावयाचे होते. आणि निवडले तेही असे की जेथे वाघ आलेला! बंधूंनी आम्हांस एकीकडे घेऊन सांगितले, "दादा, तुम्ही सोबत जा, आणि परत येताना तिच्या डोक्यातले हे खूळ तेवढे काढा." आम्ही मान डोलावली.

येडशीचे नाव आम्ही लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकले होते ते 'बार्शी लाइट'च्या गोष्टींत. अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांची ती गाडी १८९७ साली बार्शीपर्यंत आली आणि १९११ पर्यंत येडशीवरून लातुरास पोहोचली. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर हा सारा मार्ग रुंद झाला आणि ती बापडी गाडी कायमची विसावली. येडशीस एका जुन्या स्नेह्यांच्या मळ्यात उतरलो. पुतणी व तिच्या दोन मैत्रिणींनी ओसरीवर बिछाने टाकले. आम्हांस वयोमानाने बाज मिळाली.

दुसऱ्या प्रहरी परवानगी काढून, वनरक्षकास बरोबर घेऊन निघालो. प्रथम रामलिंगाचे दर्शन. दोन्ही बाजूंस डोंगर, मध्ये खोल दरी, देवळास वळसा घालून वाहणारी नदी आणि पावसाळ्यामुळे कोसळणारा धबधबा. सीतेस नेणाऱ्या रावणाशी जटायू येथेच झुंजला, अशी या भागातील श्रद्धा. त्याची समाधीही देवळापाशी दाखवितात. माकडे मात्र श्रीरामाच्या सेवकांस न शोभणारी निघाली. मातोश्रींनी बांधून दिलेल्या दशम्यांचे गाठोडे त्यांनी आमच्या हातून असे उचलले, की आम्हांस हूं की चूं करता आले नाही!

हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. क्षेत्र बावीस चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक, म्हणजे अरण्यांच्या हिशेबात ओंजळभरच. पाऊस वर्षास सातआठशे मिलिमीटर, आंबोलीच्या दशांशाच्या आसपास. मुलींनी दोरीने जमिनीवर चौकटी आखल्या आणि आतील प्रत्येक रोपाची मोजदाद आरंभिली. आम्ही कंटाळून म्हणालो, "अग, या खुरट्या झाडांत मोजायचे ते काय?"

ती म्हणाली, "काका, आंबोलीचे झाड उजेडासाठी भांडते, म्हणून ते उंच जाते. येथले झाड पाण्यासाठी झुरते. उन्हाळ्यात पाने टाकून देते, म्हणजे पाणी उडून जात नाही. खुरटे दिसते, पण ते काटकसरी आहे."

मग तिने आम्हांस कड्यावर नेले. बालाघाटाच्या या डोंगररांगेवर पडलेला एक थेंब पूर्वेस उतरला तर तेरणा-मांजरेतून गोदावरीस मिळतो आणि पश्चिमेस उतरला तर सीना-भीमेतून कृष्णेस. इतकी वर्षे या बाजूने ये-जा करूनही ही गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती.

वाघ दिसला नाही. त्याची कथा मात्र वनरक्षकाने सांगितली. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे छायाचित्र येथील कॅमेऱ्यात उमटले. अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला ठरला, म्हणजे चारशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून आलेला. वयात आलेला नर आईचा मुलूख सोडून स्वतःचा शोधावयास निघतो. टिपेश्वराचाच दुसरा एक वाघ २०१९ साली तेराशे किलोमीटरांहून अधिक भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. येडशीचे रान एका वाघास अपुरे, म्हणून याला पकडून सह्याद्रीत न्यावे असा वनखात्याचा बेत होता. २०२५ च्या आरंभीचे ते प्रयत्न साधले नाहीत.

रात्री मळ्यात शेजारचे एक वृद्ध शेतकरी येऊन बसले. त्यांची कालवड वाघाने नेली होती. "सरकारनं पैसं दिलं," ते म्हणाले, "पर ती घरात जन्मलेली हुती. वाईट वाटतंच की. तरी सांगतो, रान हाय म्हून वाघ आला, अन् रान हाय म्हून माझ्या इहिरीला पाणी हाय."

पुतणीने वही उघडली. धावड्याचा डिंक कोणत्या महिन्यात काढावा, सालईचा धूप कसा ओळखावा, पळसाची पाने पत्रावळीस केव्हा तोडावीत, हे ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. अकरा वाजले तरी कंदील मालवेना. उठताना त्यांनी विचारले, "पोरी, आता फुडं काय करणार?"

तिने आमच्याकडे पाहिले आणि काहीच उत्तर दिले नाही. घरी दारी कधी गप्प न बसणारी ही मुलगी आमच्या भीतीने गप्प बसली, याची आम्हांस त्या रात्री झोप लागेपर्यंत लाज वाटत होती.

परतीच्या गाडीत तीच म्हणाली, "काका, बाबांनी तुम्हांला काय सांगून पाठवले ते मला ठाऊक आहे. बोला, मी ऐकते." आम्ही योजून ठेवलेली वाक्ये आठवू लागलो. नोकरीची शाश्वती, लग्नाचे वय, अनोळखी रानातले धोके! यांतले खोटे काहीच नव्हते, पण तिला न सुचलेलेही काही नव्हते. तिने शिष्यवृत्तीचा, खोलीभाड्याचा, खानावळीचा हिशेब त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मांडला होता. दरमहा थोडी तूट येत होती, तीही तिने लपविली नव्हती. "मला दोन वर्षे द्या," एवढेच तिचे मागणे.

घरी पोहोचताच बंधूंनी विचारले, "काय दादा, निघाले का खूळ?" आम्ही म्हणालो, "नाही. उलट वहीतली तूट आम्ही भरून काढणार आहोत." त्यावर ते चार दिवस आमच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी ती वही मागून घेतली आणि बराच वेळ वाचीत बसले. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही. परंतु परवा, पुन्हा येडशीस केव्हा जाणार, असे त्यांनीच मुलीस विचारले. मातोश्रींनी तर पुढच्या खेपेस दशम्या दुप्पट करावयाचे ठरविले आहे, निम्म्या माकडांसाठी.