शुक्रवारचं गाणं

मिरज, बुधवार

चि. सई हिस,


दर सहा आठवड्यांनी एक नवं गाणं द्यायचं असा जो करार तुझ्यापुढे आलाय, त्यावर आहे तशी सही करू नकोस. फोनवर एवढंच सांगितलं असतं तर तुला तो जुन्या माणसांचा हट्ट वाटला असता, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

आधी करार देणाऱ्या कंपनीची बाजू, कारण ती खोटी नाही. २०२० साली स्पॉटिफायचे प्रमुख डॅनिअल एक एका मुलाखतीत उघडच म्हणाले होते की, तीन-चार वर्षांतून एकदा रेकॉर्डिंग करून कलावंताचं भागेल असे दिवस आता राहिले नाहीत. जगभरचे गाणारे-वाजवणारे त्यांच्यावर चिडले, पण त्यांनी आपल्या धंद्याची रीत लपवली नाही एवढं खरं. तिथे तीस सेकंद ऐकलं की एकदा ऐकल्याची नोंद होते. २०२४पासून ज्या गाण्याची वर्षाला हजार ऐकणीही होत नाहीत, त्याला तिथे छदामही मिळत नाही. नवं गाणं आलं की शुक्रवारच्या यादीत तुझं नाव दिसतं, नाही आलं की दुसऱ्या कुणाचं दिसतं. तू मुंबईत भाडं भरतेस, शिकवण्या करतेस, तबलजींची बिदागी स्वतःच्या खिशातून देतेस. हा हिशेब तुला झटकून टाकता येणार नाही, हे मला कळतं.

आणि गाणी भराभर यावीत यात मुळात काही पाप आहे, असं मी मानत नाही. गौहरजान १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या गेसबर्गसाहेबांच्या कर्ण्यापुढे गायली आणि पुढे तिच्या तबकड्या शेकड्यांनी निघाल्या. कॅसेटच्या काळात आपल्याकडे गणपती जवळ आले की नव्या गाण्यांचे गठ्ठे दुकानात येत. त्यातलं पुष्कळसं विसर्जनाबरोबर गेलं, काही गाणी अजून मंडपात वाजतात.

पण या सगळ्याहून मोठं उदाहरण आपल्या घरातलंच आहे, आणि तुला करार वाचून दाखवणाऱ्या त्या मुलाला ते ठाऊक नसावं. १ एप्रिल १९५५, रामनवमी, वार शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं आणि त्यानंतर दर आठवड्याला एक नवं गाणं, थेट पुढच्या वर्षीच्या रामनवमीपर्यंत. त्या वर्षी अधिकमास आला होता, म्हणून ५२ आठवड्यांचा बेत ५६ गाण्यांवर गेला. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या. गाणाऱ्यांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर. हल्ली २०१५पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी बाहेर काढायची पद्धत ठरली आहे. पुण्याचा तो शुक्रवार तिच्या आधी साठ वर्षांचा आहे.

तर मग तुझ्या सहा आठवड्यांना माझी हरकत का? आठवड्याला एक जमत असेल तर सहा आठवडे म्हणजे चैनच, असं तू म्हणशील.

त्या ५६ आठवड्यांच्या मागे काय होतं ते जरा जवळून बघ. एक तर कथा ठरलेली. आज काय लिहायचं हा प्रश्न माडगूळकरांपुढे नव्हता. वाल्मीकींनी तो आधीच सोडवून ठेवला होता. कुठला प्रसंग, कोण बोलतंय, कुणाला उद्देशून, एवढं धरलं की शब्दांना वाट मिळे. दुसरं, दोघंही तारखेवर काम करण्यात मुरलेले होते. बाबूजींनी १९४६मध्ये 'गोकुळ'ला संगीत दिलं तेव्हापासून ते सिनेमात होते आणि माडगूळकर तर चित्रपटासाठी कथा, संवाद, गीतं सगळंच लिहीत होते. स्टुडिओ भाड्यानं घेतलेला आणि वादक बसून राहिलेले असताना चाल सुचावी लागते, याची त्यांना सवय होती. तिसरं, केंद्रावर सीताकांत लाड यांच्यासारखा माणूस. ही कल्पना त्यांचीच. लेखणी आणि पेटी दोन्ही चालत्या ठेवायला कुणीतरी पाठीशी उभं लागतं, ते काम त्यांनी केलं. चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. या सगळ्याला शेवट होता. रामकथा संपली की गाणी संपणार, हे पहिल्या दिवसापासून दोघांना ठाऊक होतं. माणूस वर्षभर धावू शकतो, कुठे थांबायचं हे दिसत असेल तर. तुझ्या करारात तीन वर्षं लिहिली आहेत आणि पुढे 'आपोआप नूतनीकरण'. म्हणजे ही मुदत कधी सरायचीच नाही.

आता मूळ मुद्दा. बाबूजींनी चाल बांधली, शब्द बसले, म्युझिकचे तुकडे लिहिले गेले, गायकानं ते घोटलं की गाणं तयार झालं. पुढे बाबूजींनी स्वतः शेकडो कार्यक्रमांत ती गाणी गायली आणि दरवेळी रंग भरले, पण रचना त्या शुक्रवारीच पुरी झालेली होती. ख्यालाचं तसं होत नाही. तू दरबारी रेकॉर्ड करतेस तेव्हा बंदिश नव्हे, दरबारी आज तुझ्या गळ्यात किती उतरलाय ते रेकॉर्ड होतं. नवी बंदिश दर सहा आठवड्यांनी मिळेल, मीच देईन. नवा दरबारी मिळणार नाही. तो तीन-चार वर्षांत एक बोट पुढे सरकला तर नशीब.

आपल्या मिरजेचेच खाँसाहेब घे. अब्दुल करीम खाँच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९०५च्या आसपासच्या, ऐन तिशीतल्या. त्यानंतरच्या, ज्या आपण आज जिवापाड जपतो, त्या १९३४नंतरच्या, म्हणजे साठी उलटल्यावरच्या. मधे जवळजवळ तीस वर्षं. त्या तीस वर्षांत ते गप्प बसले होते का? आर्य संगीत विद्यालय काढलं, शिष्य तयार केले, सवाई गंधर्वांसारखा गवई घडवला, दक्षिणेत हिंडले, म्हैसूर दरबारात गायले, कर्नाटकी गवयांच्या सरगमा कान देऊन ऐकल्या आणि आपल्या गाण्यात आणल्या, त्यागराजांच्या रचनासुद्धा गायल्या. रोज कुठे ना कुठे गाणं चालू होतं. पहिल्या खेपेत तरुण गळ्याची तयारी ऐकू येते, ताना सुटतात. दुसऱ्या खेपेतली झिंझोटी किंवा भैरवी लाव. सूर लागला की तिथून हलावंसंच वाटत नाही. १९३७मध्ये ते गेले, म्हणजे शेवटच्या तीनेक वर्षांत ते सगळं तबकडीवर आलं. मधली तीस वर्षं दर सहा आठवड्यांनी त्यांनी तबकडी दिली असती तर ती झिंझोटी तशी झाली असती का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मला नाही वाटत.

केसरबाईंचंही तेच. गोव्यातल्या केरीच्या. अल्लादियाखाँसाहेबांकडे १९२१च्या सुमारास त्यांची तालीम सुरू झाली आणि खाँसाहेब १९४६मध्ये जाईपर्यंत त्यांनी गुरू सोडला नाही. देशभर मैफली केल्या, रेकॉर्ड मात्र मोजक्या दिल्या आणि त्याही तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यांतली एक भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर आकाशात गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाई गेल्या. हे तुला पाठ आहे. फक्त त्यातून 'कमी रेकॉर्ड करणारा मोठा' असा अर्थ काढू नकोस. कमी रेकॉर्ड केल्यानं कुणी मोठं होत नाही. खुद्द अल्लादियाखाँसाहेबांनी आपला आवाज मुद्रित होऊच दिला नाही. ज्यांच्या गायकीवर आपण तीन पिढ्या जगतोय, त्यांचा एक षड्जही आज कानावर पडत नाही. शिष्यांच्या गळ्यातून अंदाज बांधायचा. हा तोटा आहे, आणि त्याला व्रत म्हणून मी डोक्यावर घेणार नाही. तू वीस वर्षं दार लावून रियाज कर आणि मग जगापुढे ये, असं मी तुला कधीही सांगणार नाही.

मला खुपतं ते वेगळंच. केसरबाई तीन मिनिटं गायल्या कारण तबकडी तिथे संपत होती. मग एलपी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली आणि गवयांनी हायसं वाटून विलंबित मांडायला घेतलं. आज तर मर्यादाच नाही. तू तासभराचा राग टाकलास तरी जागा कमी पडत नाही. आणि अशा वेळी तू पुन्हा साडेतीन मिनिटांवर आलीस! त्यातही मुखडा पहिल्या तीस सेकंदांत यायला हवा, म्हणून आलाप कापलास. तुझा पाचवा सिंगल, दरबारीचा, मी हेडफोन लावून पुन्हापुन्हा ऐकला. सम सुंदर पडते. अंतऱ्यात तार षड्जावर जो ठहराव घेतलास तो ऐकून मला आईची आठवण झाली. पण गंधार, सई! दरबारीचा कोमल गंधार उतरता, आंदोलित, ऋषभाचा आधार धरून डुलणारा. तो डुलला नाही तर दरबारीला अंगच राहत नाही. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये तो सरळ उभा आहे, पट्टीनं रेघ मारल्यासारखा. मला माहीत आहे की तू तसा गात नाहीस. मे महिन्यात माझ्यासमोर बसून गायलीस तेव्हा तो बरोबर लागला होता. म्हणजे मिक्सिंग करणाऱ्यानं सॉफ्टवेअर लावलं, सॉफ्टवेअरला ते आंदोलन म्हणजे बेसूर वाटलं आणि त्यानं ते दुरुस्त केलं. तुझ्या कानांनी हे सोडलं कसं? कारण तुला शुक्रवार गाठायचा होता आणि पुढच्याच आठवड्यात सहाव्याचं रेकॉर्डिंग होतं. फुरसतीनं एकदा ऐकलं असतंस तर तू त्या मुलाला रात्री बारा वाजता फोन करून ते बदलायला लावलं असतंस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

वेग वाढला की असंच होतं. गाणं एकदम बिघडत नाही, आधी ऐकायचं राहून जातं.

आता काय करायचं ते सांगते. राग गायचे ते माणसांसमोर. दादरच्या त्या तुझ्या मैत्रिणीच्या दिवाणखान्यात महिन्याला एक बैठक ठेव, पंचवीस-तीस माणसं पुरे. तिथे वाटेल तितकं नवं गा, चुकलीस तर पुन्हा मांड. मैफलीतली चूक सतरंजी गुंडाळली की संपते. रेकॉर्डिंगमधली तुझ्या नातवंडांपर्यंत जाईल. ख्यालाचं रेकॉर्डिंग तीन वर्षांतून एकदा कर, पण केलंस की चांगलं चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं, दोन तानपुरे घेऊन, ॲप लावून नव्हे. विलंबित पूर्ण, द्रुत पूर्ण.

आणि कंपनीला जर हप्त्याहप्त्यानं गाणी हवीच असतील तर तुझ्या वहीत ती आहेत. जनाबाईंचे अभंग तू दोन वर्षं बांधतेयस, त्यांतले नऊ मी ऐकले आहेत. त्या रचना आहेत, त्या पुऱ्या होतात. आषाढी एकादशीला पहिला अभंग द्यायचा, मग दर शुक्रवारी एक आणि कार्तिकी एकादशीला शेवटचा. चातुर्मासात साधारण सतरा शुक्रवार बसतात. वारकरी घरांत या दिवसांत अभंग ऐकले जातातच, म्हणजे ऐकणारा कुठून आणायचा हा प्रश्न निम्मा सुटला. अट एकच. आषाढीपूर्वी सगळेच्या सगळे रेकॉर्ड होऊन, ऐकून, पसंत होऊन तयार असले पाहिजेत. माडगूळकर-बाबूजींना आठवड्याच्या आठवड्याला जमलं, ते त्यांना जमलं. आपण तसला भरवसा धरायचा नाही. आणि कार्तिकीनंतर काही नाही, असं करारात स्पष्ट लिहून घे.

हे त्यांना मान्य नसेल तर ते नाही म्हणतील. म्हणू देत. दोन शिकवण्या जास्त कराव्या लागतील. भाड्याची ओढाताण झाली तर मला सांगायचं, लाजायचं नाही. तुझ्या काकांशीही मी बोलले आहे.

करारात 'आपोआप नूतनीकरण' हे कलम चौथ्या पानावर आहे, ते आधी वकिलाला दाखव. दरबारीचा मूळ टेक, काहीही दुरुस्त न केलेला, मला पाठव. तो सध्याच्या जागी चढवता येतो का तेही त्यांना विचार. आणि उरलेल्या अभंगांच्या चाली घेऊन पुढच्या महिन्यात ये. त्यांतला जो अभंग तू भीमपलासात बांधलायस, त्याच्या दुसऱ्या कडव्यात माझं मन अजून अडकलंय. तिथे शुद्ध धैवत सोडून बघू का, ते बसून ठरवू.

तुझी,
मालूमावशी